कमलाचा पत्ता

अमरावतीत एका हौशी संस्थेनं केलेला 'कमला'चा प्रयोग पाहिला. तुला केवढ्याला विकत घेतलं, असं कमला सरिताला विचारते तेव्हा सभागृहात हशा पिकला. मीही हसलो. मग आठवलं, आमच्याकडे दलालाला पैसे देऊन परमुलखातून नवरी आणतात, तेव्हा "कितीत पडली बे?" हा विनोद मी पंगतीत ऐकलाय.

विजय तेंडुलकरांच्या या नाटकामागे १९८१ची खरी घटना आहे. पत्रकार अश्विनी सरीन यांनी एका बाईला विकत घेऊन बायकांचा बाजार उघड केला होता. नाटकातला जयसिंग कमलाला २५० रुपयांत आणतो, पत्रकार परिषदेत उभी करतो आणि काम झाल्यावर आश्रमात धाडतो. सरिताही त्याची गुलामच, हे समीक्षकांनी पुष्कळदा लिहिलंय. मला दुसरी जागा महत्त्वाची वाटते.

कमला सरिताला एक बेत सांगते. शिकलेलीनं हिशेब बघायचा, आपण कष्टाची कामं करायची, महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस वाटून घ्यायचे. यावरही लोक हसले. पण कमलाच्या पुढच्या आयुष्याचा असा बारीक विचार नाटकात तिच्याशिवाय कुणीच करत नाही. तिच्या बेतात मालक आहेच. तरी घरातली आपली जागा ती स्वतः ठरवते. सरिता तिला ठेवून घ्या म्हणते, जयसिंग नाही म्हणतो. कमलाला कुणी विचारत नाही.

माझी तक्रार इथेच आहे. तेंडुलकरही तिला आश्रमाच्या वाटेवर सोडून सरिताकडे वळतात. नाटक जयसिंगच्या घराचं आहे, मान्य. पण आपण सुटका म्हणजे शेवट समजून घरी येतो.

मी सॉफ्टवेअरवाला. फॉर्ममध्ये 'कायमचा पत्ता' सक्तीचा करताना कधी थांबलो नव्हतो. विकून आणलेल्या बाईनं तिथे काय भरायचं? मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देहविक्री करणाऱ्या स्त्रियांना पत्त्याच्या पुराव्याचा आग्रह न धरता आधार कार्ड द्यायला सांगितलं. त्यांचा व्यवसाय उघड होईल असा संकेतही क्रमांकात नको. संरक्षणगृहांत मर्जीविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांची प्रकरणं तपासून त्यांना सोडा, असंही सांगितलं. म्हणजे वाचवलेल्या बाईला दाराआड कोंडलं जातं, हे न्यायालयालाही दिसलं होतं.

'कमला' पुन्हा जरूर करा. फक्त त्या पंधरा दिवसांच्या बेतावर नटीनं घाई करू नये. हशा ओसरू द्यावा. ती विनोद करत नाहीये, राहायला जागा मागतेय.