लोणार सरोवराची छायाचित्रे आणि प्रतिबिंबाचा प्रश्न

जून २०२० मध्ये बुलडाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि त्याची छायाचित्रे सर्वदूर पोहोचली. हा रंग क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दाखविले. मात्र या छायाचित्रांना पुरावा मानताना प्रतिबिंबाचा विचार अगत्याचा ठरतो. पाण्याच्या आतून येणारा प्रकाश रंग सांगतो. पृष्ठभागावरून परावर्तित होणारा तो झाकतो. दृष्टिरेषा पाण्याशी सुमारे ३७ अंशांचा कोन करते, तेव्हा पोलरायझर फिल्टर हे परावर्तन जवळजवळ पुसून टाकतो. लोणारच्या कड्यावरून ही सोय नाही. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि खोली दीडशे मीटरच्या आसपास असल्याने पैलतीराशी हा कोन जेमतेम पाच-सहा अंशांचा राहतो. तेथे आकाश व समोरचा उतारच उमटतो. तेव्हा कड्यावरून घेतलेल्या चित्रात ऐलतीरापासून पैलतीरापर्यंत एकसारखा गडद गुलाबी रंग दिसल्यास तो नंतर चढविल्याची शंका रास्त होय. याउलट दूरचे पाणी आकाशाच्या रंगाचे राहू देणारी चित्रे फिकी वाटली तरी अधिक विश्वसनीय आहेत. कमळजा देवीच्या मंदिराजवळ काठावर उतरल्यास योग्य कोन साधतो खरा, पण मग विवराची गोलाई चौकटीत मावत नाही.