जोखमीचं वजन आणि नीरेचा कालवा

बँकेच्या ट्रेझरीत आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांचं काय काम, असं कुणी विचारेल. काम आहे. अनिश्चिततेचं वजन करता येतं, हा दावा तिथे रोज आकड्यांत मांडला जातो. फ्रँक नाइटने १९२१ सालीच जोखीम आणि अनिश्चितता वेगळ्या काढल्या होत्या: पहिलीची शक्यता मोजता येते, दुसरीची नाही.

रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नागरी सहकारी बँकांचे चार स्तर केले. पहिल्या स्तराला भांडवल-पर्याप्तता ९ टक्के, वरच्या तिघांना १२. कशाच्या? तर जोखीम-भारित मालमत्तेच्या. म्हणजे प्रत्येक कर्जाला एक वजन द्यायचं आणि बेरीज करायची. आमचा आक्षेप या बेरजेवर आहे.

बारामती-इंदापूरकडची एखादी छोटी बँक कल्पून बघा. एक कर्ज ट्रॅक्टरला, एक खताच्या दुकानाला, एक ऊस वाहतूकदाराला, एक भवानीनगरच्या रस्त्यावरच्या हॉटेलाला. कागदावर चार वेगळे कर्जदार. एकाच कर्जदाराला किती द्यायचं, ती मर्यादाही पाळलेली. पण नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन चुकलं, किंवा कारखान्याने उसाचं बिल थकवलं (कायद्याने ते १४ दिवसांत द्यायचं असतं, असो), की चौघांचे हप्ते एकदमच अडकतात. वजनांच्या तक्त्यात कालवा कुठेच नाही!

बरं, भांडवल तरी कुठून येतं? सहकारी बँकेचा शेअर बाजारात विकता येत नाही. भांडवल वाढतं ते नफ्यातून, आणि कर्ज घेताना कर्जदाराने अडीच किंवा पाच टक्के शेअर घ्यायचे, या जुन्या रीतीतून. म्हणजे धक्का सोसायला जे ठेवलं, तेही त्याच कालव्याच्या काठचं.

ट्रेझरीवाले म्हणतील, सरकारी रोखे आहेत ना, पतजोखीम शून्य. खरं आहे, सरकार बुडवणार नाही. पण मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, तेव्हा जुन्या रोख्यांच्या किमती उतरल्याच. मुदतीपर्यंत ठेवायचे म्हणून नोंदवले की तोटा वहीत दिसत नाही. ठेवीदार दारात आले, रोखे विकावे लागले, की दिसतो.

नियम नकोत असं आम्ही म्हणत नाही. पीएमसी बँकेत २०१९ साली खातीच खोटी निघाली, आणि ठेवीदारांना सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता आले. इथला प्रश्न वेगळा: सगळी खाती खरी असूनही चित्र फसवं. तेव्हा संचालकांनी एवढं तरी विचारावं, की कालव्याच्या दोन पाळ्या हुकल्या तर आपली किती खाती थकतील? त्यावरून किमान टक्क्यांवर किती जास्त ठेवायचं ते ठरवावं. नुसत्या ठेवीदाराला सभेत मत नसतं, आणि त्याचा विमा पाच लाखांवर थांबतो.