स्वमदतीतला दुसरा माणूस

शोकग्रस्तांसाठीच्या ऑनलाइन उपचारांना सर्रास 'स्वमदत' म्हटले जाते. हा शब्द दिशाभूल करतो, असे माझे मत आहे. झुरिक विद्यापीठातील बिर्गिट वाग्नर व सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. जवळचे माणूस जाऊन बराच काळ लोटला तरी ज्यांचा शोक ओसरत नव्हता, अशा ५५ जणांचा त्यात सहभाग होता. उपचार पाच आठवड्यांचा. आठवड्यातून दोनदा पंचेचाळीस मिनिटे लिहायचे. आधी सर्वांत असह्य क्षण लिहायचा, प्रथमपुरुषात, वर्तमानकाळात, व्याकरणाची फिकीर न करता. मग एक पत्र, तेही हाच प्रसंग ओढवलेल्या कल्पित स्नेह्याला. शेवटी, गेलेल्या माणसाच्या आठवणींसह पुढे कसे जगायचे याविषयी.

यातला मधला टप्पा मला सर्वांत मोलाचा वाटतो. 'मी त्यांना वेळेत दवाखान्यात न्यायला हवे होते' असे स्वतःला रोज ऐकवणारी बाई मैत्रिणीला तसे लिहू धजत नाही. धीर द्यायला बसली की तिच्या हातून वेगळेच वाक्य उतरते. समाचाराला आलेली, स्वतःही हे सोसलेली बाई असेच बोलते. इथे दोन्ही भूमिका एकटीने करायच्या, इतकाच फरक.

पण एकटीने म्हणजे तरी कुठे? हे लेखन तज्ज्ञ वाचत होते आणि त्यावर लेखी उत्तर देत होते. उपचाराची वाट पाहणाऱ्या गटाच्या तुलनेत या मंडळींचा त्रास स्पष्टपणे कमी झाला. त्याशेजारी उत्रेख्त विद्यापीठातला २०१० चा प्रयोग ठेवावा. सहभागी ७५७. लेखनाच्या सूचना ईमेलने जात, लिहिलेल्यावर अभिप्राय मात्र मिळत नसे. मनातला एकाकीपणा घटला, चित्तवृत्तीही काहीशी सुधारली. शोकाची आणि नैराश्याची लक्षणे जागची हलली नाहीत. दोन्हीकडची माणसे सारखी नव्हती, तेव्हा एवढ्यावरून निकाल देणे घाईचे होईल. तरीही खर्च कमी करायचा म्हटल्यावर ॲप काढणारे सर्वांत आधी ज्याला वगळतील, तो हा वाचणाराच आहे.

मुदतीचा प्रश्न वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात लांबलेल्या शोकाचे निदान सहा महिन्यांनंतर होऊ शकते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी २०२२ साली प्रौढांसाठी वर्षाची अट घातली. ती वर्षश्राद्धाशी जुळते, हा योगायोग. जागतिक वर्गीकरण त्या त्या समाजाच्या, धर्माच्या रूढीही विचारात घ्यायला सांगते, आणि ते योग्यच आहे. न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्ये गेले. रमाबाईंचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० मध्ये आले. त्या पुस्तकाला कोणी आजाराचे लक्षण म्हणणार नाही. पण पाच आठवड्यांत बसणारे ते लेखनही नव्हे.

उद्या मराठीत असा कार्यक्रम कोणी रचलाच, तर भाषांतर आणि तंत्रज्ञान यांची सोय होईल. रात्री अकराला कुणी पाठवलेले ते पान सकाळी कोण वाचणार, त्याने हे काम कुठे शिकलेले असेल आणि त्याला पगार कोण देणार, हे आधी विचारावे लागेल.