बोरीकाठचा कप्तान

अमळनेरच्या माणसाने समुद्राविषयी बोलू नये, हे मला मान्य आहे. आमच्या बोरी नदीलाच पाणी असण्यापेक्षा नसण्याची सवय अधिक. समुद्र बघायचा तर सुरतेच्या गाडीत बसायचे आणि सुरतेला उतरूनही पुढे बरेच जायचे. आयुष्यात मी समुद्र तीनदा पाहिला, तोही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. असे असूनही गेले चार महिने मी एका गलबताचा कप्तान आहे. वेळ रात्री साडेनऊ ते अकरा. बँकेला सुटी असली तर दुपारीसुद्धा.

हे गलबत चिरंजीवांच्या कॉम्प्युटरात नांगरलेले असते. खेळाचे नाव 'पिलर्स ऑफ इटर्निटी २: डेडफायर'. अमेरिकेतल्या ऑब्सिडियन नावाच्या कंपनीने तो २०१८ साली काढला. पहिला भाग २०१५चा. दोन्ही खेळांसाठी या मंडळींनी चक्क लोकांकडून वर्गणी जमवली. दुसऱ्या भागासाठी जमली ४४ लाख डॉलरच्या वर. वर्गणी म्हटले की माझा हात आपोआप खिसा दाबून धरतो. पण या वर्गणीतून सांगितलेली वस्तू खरोखर तयार झाली, एवढे त्यांच्या नावावर आधीच जमा करून ठेवतो.

हा 'रोल-प्लेइंग' प्रकारचा खेळ, म्हणजे सोंग घेऊन खेळायचा. एक माणूस व्हायचे, त्याच्या वतीने निर्णय घ्यायचे आणि परिणाम आपणच भोगायचे. आमच्याकडे निर्णय वरचे घेतात, त्यामुळे मला निम्म्याच कामाचा अनुभव होता.

पहिल्या भागात खेळणाऱ्याला एक किल्ला मिळतो. दुसरा भाग सुरू होतो तोच त्या किल्ल्याच्या सत्यानाशाने. किल्ल्याखाली पुरलेल्या प्रचंड पुतळ्यात एओथास नावाचा देव शिरतो, उठून उभा राहतो आणि सगळे तुडवत समुद्रात चालता होतो. आपल्या हाती उरते एक लहानसे गलबत, आणि पहिल्या भागात कमावलेली सगळी विद्या शून्यावर. चिरंजीव म्हणाले, "पप्पा, सीक्वेलमध्ये असंच असतं." मला नवल वाटले नाही. मी बँकांचे विलीनीकरण पाहिलेला माणूस आहे.

आता गुण सांगतो. पहिला गुण म्हणजे गलबताची रोजकीर्द. खलाशांना रोज खायला लागते, प्यायला लागते, पगार लागतो. पगार चुकला की त्यांची मर्जी उतरते. फळे आणि बरे पेय दिले की चढते. बी.कॉम. झालेल्या माणसाला यापरता आनंद नाही. पाण्याची पिंपे मोजताना एकदा आमच्या आईने मागून पडद्यावरचा निळा समुद्र बघितला आणि म्हणाली, "इतलं पानी शे तठे, आन आठे नळले थेंब नही!" खेळावरची इतकी नेमकी टीका मी अजून ऐकलेली नाही.

दुसरा गुण आवाजाचा. प्रत्येक पात्र आपले बोलणे खरोखर बोलून दाखवते, त्यामुळे लांबलचक इंग्रजी मजकूर सुसह्य होतो. तिसरा गुण दयेचा. मूळ खेळात मारामारी सगळ्यांची एकदम चालते. मध्ये थांबवून हुकूम देता येतात, पण माझ्या चष्म्याला तो वेग झेपत नसे. २०१९ साली त्यांनी आळीपाळीने डाव खेळायची सोय केली. रांगेत उभे राहून आपला नंबर आल्यावर वार करायचा, ही पद्धत मला लगेच जमली.

दोषही सांगतो. समुद्रावरच्या खेळात समुद्रावरची लढाईच लंगडी आहे. डावीकडे वळा, उजवीकडे वळा, तोफ डागा, असे हुकूम एखाद्या छापील फॉर्मप्रमाणे निवडायचे आणि पुढे काय झाले ते वाचायचे. दोन-चार वेळा गंमत वाटते. नंतर आपण सरळ शत्रूच्या गलबतावर चढून हातघाईवर येतो आणि तोफांवर केलेला खर्च पाण्यात जातो. पैशाचेही तसेच. सुरुवातीला दमडी-दमडी मोजायची आणि निम्म्या वाटेवर तिजोरी इतकी भरायची की करायचे काय ते कळत नाही. शिल्लक कमी आली तर कारकून घाबरतो, हे खरे; पण जास्त आली तर अधिक घाबरतो.

सर्वांत मोठा दोष मात्र देवाचा. जग बुडायला आले आहे, एओथासला गाठा, त्वरा करा, असे सगळे बजावतात. आपण त्वरा करत नाही. आपण बेटाबेटांवर हिंडतो, सौदे करतो, कुणाचे हरवलेले शोधून देतो, आणि देव आपला पुढच्या मुक्कामावर थांबलेला असतो. आमचा विठोबाही विटेवर उभा राहून भक्ताची वाट बघतो. पण मी पळत सुटलोय, मला धरा, असे सांगून तो थांबत नाही! बरे, गाठल्यावर तरी काय? देव चार गोष्टी बोलतो आणि मनात होते तेच करतो. मुख्य कथा म्हणून जी मांडली आहे, तिच्यात कप्तानाचा उपयोग साक्षीदाराच्या सहीपुरता.

मग चार महिने कशासाठी घालवले? त्या बेटांवरच्या भांडणासाठी. या द्वीपसमूहावर चौघांचा डोळा आहे. व्हेलियन ट्रेडिंग कंपनीला तिथला अड्रा हवा आहे. अड्रा हा असा दगड की त्यातून आत्म्यांची शक्ती वाहते. रौआताई साम्राज्याची रॉयल डेडफायर कंपनी तोफा घेऊन आली आहे. चाच्यांची एक टोळी आहे. आणि ज्यांची ही बेटे, ते हुआना लोक आणि त्यांची राणी. ही गोष्ट आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. इंग्रजांच्या कंपनीची वखार १६१३ साली सुरतेत उघडली आणि १८१८ साली आमचे खानदेश कंपनीच्या ताब्यात गेले. कान्होजी आंग्रे आपले सरखेल, इंग्रजांच्या कागदांत मात्र चाचे.

इतके माहीत असूनही पहिल्या खेपेला मी व्हेलियन कंपनीला मिळालो. कारण सांगायला लाज वाटते. त्यांचे बोलणे व्यवहाराचे होते. हिशेब नीटनेटका दिसला की मला माणसे जरा उशिराच दिसतात. अड्रा कुठून आणि काय मोजून येतो ते कळले तेव्हा मी खेळ मोडून पुन्हा सुरुवात केली आणि ताठ मानेने राणीच्या बाजूला गेलो.

राणीच्या राजधानीत, नेकेटाकात, तळाला एक वस्ती आहे. हुआनांमध्ये तीन थर. वरचे मातारू, मधले कुआरू, खालचे रोपारू. अन्न वरून खाली वाटले जाते. वरच्यांचे झाल्यावर उरलेसुरले रोपारूंना. मी राणीच्या कामाला निघालो, तर चिरंजीव मागून म्हणाले, "पप्पा, पण रोपारूंना उरलेलंच मिळणार ना?"

मी साने गुरुजींच्या शाळेचे गाव असलेल्या अमळनेरचा. पंढरपूरचे मंदिर सर्वांना उघडावे म्हणून गुरुजींनी १९४७ साली उपोषण केले, हे मी चिरंजीवांना भाषणासाठी पाठ करून दिले होते. आता उत्तर शोधायला मी मान वळवली. स्वयंपाकघरात दिवा होता. सौ. जमिनीवर बसून जेवत होती. सगळ्यांचे झाल्यावर, पातेल्यातले खरडून घेत. वीस वर्षे ती अशीच जेवते. मी ते रोज बघत होतो आणि चार महिन्यांत एकदाही मला रोपारू आठवले नव्हते.

म्हणून या खेळाला मी उत्तीर्ण करतो. समुद्र उथळ, देव ढिला, पैसा फुकाचा. पण कंपनी वाईट म्हणून राणी निर्दोष ठरत नाही, हे तो भाषण न ठोकता सांगतो. चौघांतला एकही स्वच्छ नाही. कुणालाच न मिळता एकट्याने शेवट गाठता येतो, तेही करून पाहिले. भांडण आहे तिथेच राहते.

दुसऱ्या दिवशी रात्री मी पाट मांडले आणि सौ.ला म्हणालो, "तूही आत्ताच बस आमच्याबरोबर."

तिने हात पुसत माझ्याकडे बघितले आणि विचारले, "का? गेम बंद पडला का?"