बांडगूळ, रास्ना आणि वांदा

दिवाळी अंकात ग्रंथपरीक्षण वाढणे म्हणजे चकली-कडबोळ्यांच्या ताटात कडुलिंबाचा पाला ठेवण्यासारखे आहे, हे मी जाणून आहे. त्यातून ग्रंथ वनस्पतिशास्त्राचा, इंग्रजी, आणि तोही १९६६ सालचा! तरीही फादर सांतापाव व कपाडिया या जोडीच्या 'द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे' या ग्रंथाविषयी चार शब्द लिहावेसे वाटले. त्याला कारण झाले आमच्या वाशीमजवळच्या एका धुऱ्यावरचे आंब्याचे झाड.

दोन वर्षांपूर्वी वादळात त्या आंब्याची मोठी फांदी मोडून पडली. तिच्यावर पट्ट्यासारख्या लांब, मधोमध दुमडलेल्या पानांचे एक रोप होते, आणि पेन्सिलीएवढ्या जाड, पांढुरक्या मुळ्या सालीला चिकटून बसल्या होत्या. मी ते सोडवू लागलो तेव्हा शेतातला गडी म्हणाला, "थे त बांडगूय हाये भाऊ, फेकून द्या." संध्याकाळी तेच रोप एका वृद्ध वैद्यांना दाखविले. त्यांनी मुळी नखाने खरवडली, हुंगली, आणि "ही रास्ना" असा निर्णय दिला. एका दिवसात एका रोपाला दोन नावे मिळाली. एकाने ते फेकावयाचे, दुसऱ्याने त्याच्या मुळ्या काढून वाळवावयाच्या. रोप दोन्हीकडून मरणारच! नाव हा केवळ पंडितांच्या चर्चेचा विषय नाही, हे मला त्या दिवशी पटले.

गड्याची चूक मोठी म्हणता येणार नाही. खरे बांडगूळ झाडाच्या अंगात मुळे खुपसून त्याचा रस पिते. ऑर्किड, म्हणजे आपल्याकडे ज्यांना आमरी म्हणतात त्यांतली ही झाडावर राहणारी जात, नुसती सालीवर बसते. तिच्या मुळ्यांवर स्पंजासारखे आवरण असते. कोरडे असताना ते रुपेरी दिसते व पाऊस पडला की पाणी शोषून हिरवट होते. झाडाच्या रसाशी तिचा संबंध नाही. अमरकोशात 'वंदा' या शब्दाच्या जोडीला 'वृक्षादनी' आणि 'वृक्षरुहा' असे दोन शब्द दिले आहेत. पहिल्याचा अर्थ झाड खाणारी, दुसऱ्याचा झाडावर वाढणारी. कोशकाराने ते पर्याय म्हणून दिले. मला मात्र वाटते की, पहिला बांडगुळाला आणि दुसरा आमरीला वाटून दिला असता तर पुढचा घोटाळा टळला असता.

कारण घोटाळा खेड्यापुरता राहिला नाही. सर विल्यम जोन्स यांनी संस्कृतातला हा 'वंदा' शब्द आपल्या वनस्पतिविषयक टिपणांत एका ऑर्किडसाठी वापरला. त्यांच्या मृत्यूनंतर, १७९५ साली, ती टिपणे छापली गेली. त्याच साली रॉक्सबर्ग यांनी कोरोमंडलच्या वनस्पतींवरील ग्रंथात हेच ऑर्किड चित्रासह प्रसिद्ध केले. पुढे १८२० साली रॉबर्ट ब्राऊन यांनी वांदा हीच प्रजाती शास्त्रात पक्की केली. आज सिंगापूरपासून हवाईपर्यंत श्रीमंतांच्या बागांत ज्या वांदा फुलतात, त्या आमच्या गड्याच्याच शब्दाने ओळखल्या जातात!

रास्नेची कथा याहून गुंतागुंतीची. उत्तर हिंदुस्थानात रास्ना म्हणून एका वेगळ्याच झुडपाची पाने विकतात, दक्षिणेत कोळिंजनाच्या जातीचे कंद, तर बंगालकडे वांदाच्या मुळ्या. त्यातही वांदाबरोबर अकॅम्पे नावाच्या दुसऱ्या ऑर्किडच्या मुळ्या मिसळतात. वाळलेल्या मुळ्यांचा ढीग पुढे असता त्यांतली कोणती कोणाची, हे भल्याभल्यांना सांगता येणार नाही. आमच्या वैद्यबुवांवर मी रागावत नाही. परंतु मुळीवरून ओळखण्याची ही रीतच आंधळी आहे.

येथे सांतापाव-कपाडिया यांच्या ग्रंथाचे मोल कळते. सांतापाव हे स्पेनमधून आलेले जेझुइट धर्मगुरू, मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले अध्यापक आणि पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे प्रमुख. ग्रंथाआधी या विषयावर दोघांची लेखमाला १९५९ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात येत होती. ग्रंथाची भाषा कोरडी आहे, पण ती दुसऱ्याचे ऐकून लिहिलेली वाटत नाही. ओळखीच्या किल्लीत दोन पर्यायांतून एक निवडायचा, मग पुढचे दोन, असे करीत माणूस नावापाशी पोहोचतो. पोलीस तपासासारखी ही गंमत घरातल्या मुलांनाही आवडेल.

दोष सांगावयाचे तर दोन सांगतो. पहिला असा की, ही किल्ली फुलाशिवाय फारशी चालत नाही, आणि फूल वर्षातून काही आठवडेच. उरलेल्या दिवसांत वाचकाने काय करावे? पान, मुळी आणि कोणते झाड यावर एखादे प्रकरण असते तर सामान्य माणसाचे काम झाले असते. दुसरा दोष ग्रंथापेक्षा इतिहासाचा आहे. कुक साहेबांचा १९०१ ते १९०८ या काळातला मुंबई इलाख्याचा वनस्पतिग्रंथ हा आपल्याकडचा पाया. परंतु वऱ्हाड तेव्हा त्या इलाख्यात नव्हते. १९०३ पासून ते मध्यप्रांताच्या कारभाराला जोडलेले. सांतापाव यांचे स्वतःचे काम खंडाळ्याभोवती फुललेले, आणि या ग्रंथाचेही मन सह्याद्रीत रमते. पैनगंगेकाठच्या कोरड्या रानाकडे ते वळत नाही. अकोला जिल्ह्याच्या वनस्पतींचे स्वतंत्र पुस्तक १९८८ साली निघाले, तेव्हा वाशीम त्यातच होते. आमचा जिल्हा वेगळा झाला १९९८ साली. पण अशी पुस्तके जाणकारांसाठी, ती आमच्या धुऱ्यावर कधी पोहोचायची? ज्या गावाचे जुने नाव वत्सगुल्म, म्हणजे ज्याच्या नावातच झुडूप आहे, तेथील झुडपांची ही उपेक्षा मला जरा लागते.

ते रोप मी अंगणातल्या निंबाला, पूर्वेच्या अंगाला, सुतळीने सैल बांधले. शेजारच्या वहिनींनी कुंडी आणि शेणखत देऊ केले. ते घेतले नाही, कारण मातीत या मुळ्या गुदमरून कुजतात. सकाळी पाण्याचा शिडकावा, एवढेच. बियांपासून रोप करण्याच्या भरीस मी पडलो नाही. या बिया धुळीसारख्या, त्यांत शिदोरी नसते. विशिष्ट बुरशीने पोसल्याशिवाय त्या रुजत नाहीत. अमेरिकेत नडसन यांनी १९२२ साली साखर घातलेल्या अगारवर बुरशीवाचून बिया रुजवून दाखविल्या, पण ते काम प्रयोगशाळेचे. म्हणून जुना आंबा किंवा मोह तुटला की त्यावरची आमरीही जाते, आणि नव्या झाडावर ती सहजासहजी येत नाही.

पहिल्या वर्षी फूल आले नाही. घरात थट्टा झाली. यंदा ज्येष्ठात पानाच्या बेचक्यातून दांडा निघाला आणि आठ फुले उमलली. पाकळ्या पाठीमागून पांढऱ्या, आतून पिवळट तपकिरी व त्यावर चौकटींची जाळी, ओठ निळसर जांभळा. अकॅम्पेची फुले लहान, पिवळी आणि तांबूस आडव्या पट्ट्यांची असतात, तेव्हा ती शंका मिटली. किल्लीतून एकेक पायरी उतरत मी वांदा टेसेलाटापाशी आलो. नातीने दिवा धरला होता, कारण नेमकी वीज गेली होती. ग्रंथात त्या नावासमोरच्या कोऱ्या समासात पेन्सिलीने लिहिले : वाशीम, आंबा, ज्येष्ठ. दुसऱ्या दिवशी गड्याला बोलावून फूल दाखविले. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "आमच्या वावरातल्या मोहावर अशे दोन हायेत भाऊ. बाप म्हने काढून टाक. राहून गेलं."