भुकेचं गद्य

खाण्यावरचं लेखन सध्या उदंड आहे. पुरवण्या, दिवाळी अंक, मोबाइलवरच्या चित्रफिती, जिकडे पाहावं तिकडे पदार्थ. यातलं साहित्य म्हणून किती टिकेल, हे तपासायला अमेरिकन निबंधकार एम. एफ. के. फिशर यांच्याइतकी खणखणीत कसोटी दुसरी नाही.

फिशर यांचा जन्म १९०८ चा, मिशिगनमधला. त्या वाढल्या कॅलिफोर्नियात. १९२९ मध्ये लग्नानंतर त्या फ्रान्समध्ये दिझाँला गेल्या आणि त्यांची जीभ अन् नजर दोन्ही तिथे घडली. ‘सर्व्ह इट फोर्थ’ (१९३७) या पहिल्याच पुस्तकातल्या एका निबंधात त्या स्ट्रासबुर्गच्या कडाक्याच्या थंडीत संत्र्याच्या फोडी शिरा काढून रेडिएटरवर ठेवतात. फोडी टम्म फुगल्या की खिडकीबाहेरच्या बर्फावर गार करतात. दाताखाली कुरकुरणारी पातळ साल आणि आतला थंडगार रस, एवढाच ऐवज. पण परमुलखातल्या हिवाळ्याचं एकटेपण त्यात पुरतं उतरतं.

‘हाऊ टू कुक अ वुल्फ’ (१९४२) युद्धकाळातल्या टंचाईवरचं. दाराशी आलेला लांडगा म्हणजे उपासमार. खिमा, भाज्या आणि धान्य एकत्र रटरटवून मोजक्या पैशांत दिवस कसे काढावेत, हे त्या सांगतात. मात्र हलाखीतही माणसानं मानानं जेवावं, हा आग्रह सोडत नाहीत. १९४१ मध्ये त्यांचे दुसरे पती डिलविन पॅरिश दीर्घ दुखण्यानंतर गेले. त्यानंतर आलेल्या ‘द गॅस्ट्रॉनॉमिकल मी’मध्ये (१९४३) त्यांनी आपली भूमिका मांडली: अन्न, सुरक्षितता आणि प्रेम यांची भूक वेगवेगळी काढता येत नाही. त्यांच्या गद्याचं बळ इथे आहे. कवी ऑडन यांनी या गद्याला अमेरिकेत तोड नाही असं मानलं, ते उगाच नव्हे.

आपल्याकडे ‘रुचिरा’सारख्या पाककृतींच्या पुस्तकांची परंपरा भक्कम आहे. दुर्गाबाईंचं ‘खमंग’ आणि पुलंचं ‘माझे खाद्यजीवन’ यांनी खाण्याला ललित गद्यात मानाचं पान दिलं. पुढचं बरंचसं लेखन मात्र आजोळच्या आठवणींतच रमलं. १९७२ च्या दुष्काळातली सुकडी, रेशनवरची लाल मिलो ज्वारी या निबंधांत क्वचितच भेटतात.

ही कोंडी शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’नं (२०१५) फोडली. मराठवाड्यातल्या दलितांच्या चुलीवर काय शिजलं आणि का शिजलं, हे त्यांनी पाककृतींसकट मांडलं. फिशर यांची भूक बव्हंशी व्यक्तीची. पाटोळे यांची भूक जातीनं ठरवून दिलेली. म्हणूनच इथे मराठी लेखन फिशर यांच्याही पुढे जातं.

चवीचं वर्णन हे कसब आहे, ते हवंच. पण चुलीवर काय चढलं याच्या जोडीला कुणाची चूल का पेटली नाही हे ज्याला लिहिता येईल, तोच हा निबंधप्रकार मोठा करील.