गाब्रिएले म्युंटर यांचे ‘नौकाविहार’ : विसावा, श्रम आणि चित्रकर्ती

निसर्गात विसावलेली मंडळी हा युरोपीय आधुनिक चित्रकलेतील परिचित विषय आहे. एदुआर माने यांच्या १८६३ सालच्या वनभोजनाच्या चित्रात स्त्री पाहिली जाते. रंगवणारा मात्र चौकटीबाहेर राहतो. जर्मन चित्रकर्ती गाब्रिएले म्युंटर (१८७७–१९६२) यांच्या १९१० मधील ‘नौकाविहार’ या तैलचित्रात ही मांडणी बदललेली दिसते. हे चित्र अमेरिकेतील मिल्वॉकी कला संग्रहालयात आहे.

म्युंटर, वासिली कांडिन्स्की, मारियाना वेरेफकिन आणि अलेक्सेई याव्हलेन्स्की यांनी १९०८ चा उन्हाळा बव्हेरियातील मुर्नाऊ येथे एकत्र चित्रे काढण्यात घालवला. प्रस्तुत चित्रात कांडिन्स्की होडीत ताठ उभे आहेत. त्यांच्यापुढे वेरेफकिन आणि याव्हलेन्स्की यांचा लहान मुलगा बसले आहेत. सर्वांत खाली, प्रेक्षकाकडे पाठ करून, स्वतः म्युंटर वल्ही मारीत आहेत. गडद बाह्यरेषा व सपाट रंगक्षेत्रे यांवर काचेच्या मागील बाजूने रंगवण्याच्या तेथील लोककलेचा संस्कार जाणवतो.

कांडिन्स्की शिखरस्थानी आणि म्युंटर पायथ्याशी, या रचनेत त्यांचे दुय्यमत्व पाहता येईल. म्युनिकच्या कला अकादमीत १९२० पर्यंत स्त्रियांना प्रवेश नव्हता, हे लक्षात घेता तसे वाटणे स्वाभाविकही आहे. तथापि हे वाचन अपुरे ठरते. होडी चालते ती वल्ह्यांवर; आणि प्रेक्षकालाही संपूर्ण दृश्य म्युंटर यांच्या खांद्यावरूनच दिसते. इतरांचा विसावा त्यांच्या श्रमावर, तर आपले पाहणे त्यांच्या दृष्टीवर आधारलेले आहे. पुढील इतिहासानेही याला दुजोरा दिला. नाझी राजवटीत कांडिन्स्की व सहकाऱ्यांची चित्रे म्युंटर यांनीच मुर्नाऊच्या घरात लपवून जतन केली आणि १९५७ मध्ये हा ठेवा म्युनिकच्या लेनबाखहाउस संग्रहालयास दिला.

मराठवाड्यातील अभ्यासकाला येथे अजिंठ्याचे स्मरण व्हावे. १९०९ ते १९११ या काळात क्रिस्तियाना हेरिंगहॅम या ब्रिटिश चित्रकर्तीच्या नेतृत्वाखाली तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तयार झाल्या. या कार्याच्या चर्चेत त्यात सहभागी झालेल्या नंदलाल बोस यांचे नाव सहज येते. काम उभे करणारी चित्रकर्ती मात्र बहुधा मागे राहते. कलावंतांच्या समूहाचा इतिहास लिहिताना, उभे कोण आहे याबरोबरच वल्ही कोणाच्या हाती आहेत, हेही पाहणे आवश्यक आहे.